पीएचडीचं उद्दिष्ट क्रियापदात लिहा

मानसशास्त्रात पीएचडी सुरू केलीत की पहिल्याच आठवड्यात एक वही उघडा आणि शेवटी काय करता आलं पाहिजे ते लिहून काढा. मी आधी ‘संशोधनपद्धती समजून घेणे’ असं लिहिलं होतं. समजलं की नाही, हे तपासणार कसं? ते खोडून लिहिलं: ‘प्रश्नावलीची विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तरी उत्तर सारखं येतं का) आणि वैधता (जे मोजायचं तेच मोजलं जातं का) स्वतः तपासून निष्कर्ष दोन पानांत मांडता येणे.’ मग काय वाचायचं तेही आपसूक ठरू लागलं.

पदवीचा भर संशोधनावर आहे की उपचारावर, तेही बघा. अमेरिकेतल्या १९४९च्या बोल्डर परिषदेने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ (मानसिक त्रासावर उपचार करणारा) संशोधकही असावा असा आग्रह धरला. तिथल्याच १९७३च्या व्हेल परिषदेने प्रत्यक्ष उपचारावर भर देणारी वाट मान्य केली.

संख्याशास्त्राला मात्र दोन्हीकडे सुट्टी नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकल्पात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता येणार नाही असा) निकाल आला. म्हणून माहिती गोळा करण्याआधीच गृहीतक आणि विश्लेषणाची योजना नोंदवून ठेवायची सवय मी सगळ्यात वर ठेवते.

आणि नीतिमत्ता? संमतीपत्र सहभागी व्यक्तीसमोर मोठ्याने वाचा. ती जिथे कपाळाला आठ्या घालते, ते वाक्य बदलायची नोंद त्याच दिवशी करा.