समुद्रातल्या चाकूचं डिझाइन नागपुरात बसून: मला म्यानाने फसवलं

"समुद्र इथून सातशे-आठशे किलोमीटर, अन् तू डायव्हिंगचे चाकू डिझाइन करून राहिला का बे?" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरच देत नाही. या लाइनमध्ये येऊ पाहणाऱ्या पोट्ट्यांसाठी लिहितोय, कारण मी जे पैसे बुडवले ते तुम्ही बुडवू नका.

बेसिक गोष्टी तुम्हाला माहीत असतीलच. स्कूबावाल्याला बोथट टोक अन् दोरी-जाळं कापायला दाते, स्पिअरफिशिंगवाल्याला (पाण्याखाली भाल्याने मासे मारणाऱ्याला) मासा झटक्यात मारायला बारीक अणकुचीदार पातं. स्टेनलेस स्टीलच्या प्रकारांत 316 समुद्रात टिकतं पण भट्टीत घालून कडक होत नाही, 440सी कडक होतं पण धारेसाठी लागणारा कार्बनच क्रोमियमला धरून बसतो, मग गंज रोखायला क्रोमियम कमी पडतं. टायटॅनियमला गंज नाही पण धार लवकर जाते. पुढे चला.

माझा पहिला नमुना 440सीचा, मुठीला दोन्ही बाजूंनी पट्ट्या स्क्रूने गच्च, आणि कायडेक्सचं (एक टणक प्लास्टिक) म्यान असं घट्ट की चाकू टक् करून बसायचा, त्या आवाजावर मी खूश होतो. लिटरला 35 ग्रॅम मीठ घालून बादली भरली (समुद्रात साधारण तेवढंच असतं), नुसतं पातं पंधरा दिवस बुडवून काढलं, एकदम चकचकीत. मग तीन नमुने मालवणला एका ओळखीच्या डायव्हरकडे पाठवले. तीन आठवड्यांनी परत आले, बाहेरून नवेकोरे. पट्ट्या उघडल्या तर आत टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आणि स्क्रूभोवती लालसर चिखल.

आता इथे थांबा, कारण हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. स्टेनलेसवरचा गंज रोखणारा पातळ थर टिकायला ऑक्सिजन लागतो. पट्टी आणि पात्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी शिरतं, अडकतं, तिथला ऑक्सिजन संपतो, बाहेरून क्लोराइड आत ओढलं जातं, पाणी आंबट होत जातं आणि गंज आतल्या आत पोखरतो. म्हणजे फट जितकी बारीक तितकं वाईट, मोकळी असती तर निदान धुतली तरी गेली असती! मी घट्टपणालाच क्वालिटी समजून राहिलो होतो. ओल्या म्यानातही तेच. आणि टेस्ट मे महिन्यात केली होती, नागपूरचं ऊन, चाकू दहा मिनिटांत कोरडा, मालवणच्या दमट हवेत तो म्यानात दिवसभर ओलाच. चूक स्टीलची नव्हती, माझ्या बादलीची होती.

तेव्हा टेस्ट करताना पूर्ण जोडलेला चाकू म्यानात घालून, ओला, वर पॉलिथिन गुंडाळून ठेवा. म्यानाला तळाशी पाणी निथळायला भोकं पाडा. मुठीच्या पट्ट्या एकाच स्क्रूने निघतील असं करा, किंवा पट्ट्याच काढून टाका, आरपार भोकं पाडलेली नुसती धातूची मूठ चालते. अन् वर्कशॉपमध्ये साध्या लोखंडावर चालवलेला ग्राइंडिंगचा पट्टा स्टेनलेसवर फिरवू देऊ नका, लोखंडाचे कण चिकटून ठिपके येतात. हे बोललो तर एमआयडीसीतले मालक चिडतात, चिडू द्या.

मेंटरबद्दल माझं मत कडू आहे. ज्याने आपला गंजलेला नमुना स्वतः उघडून पाहिला नाही त्याचा सल्ला घेऊ नका, मग त्याचे थ्रीडी रेंडर (कॉम्प्युटरवरची डिझाइनची चित्रं) कितीही भारी असोत. त्यापेक्षा जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, एका हाताने म्यानातून चाकू काढायची प्रॅक्टिस करा, अर्धं डिझाइन तिथंच सुधरतं.

आणि घाबरू नका. समुद्र जवळ नसल्याने काही अडत नाही, मीठ किराण्यात मिळतं. सध्या माझा सहावा नमुना बादलीशेजारी पॉलिथिनमध्ये पडलाय, परवा स्क्रू काढणार आहे, आणि खरं सांगू का, पोटात गोळा आहेच.