संशोधन अडते कुठे? विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

‘मला संशोधन जमणार नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याचे काम जवळून पाहिले, तर बहुतेक वेळा उणीव बुद्धीत नसून कामाच्या पद्धतीत असल्याचे आढळते, आणि पद्धत दुरुस्त करता येते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेवरील विश्वासाची मांडणी केली. हा विश्वास सर्वाधिक बळावतो तो स्वतः पार पाडलेल्या कामाच्या अनुभवातून, कौतुकाच्या शब्दांचा वाटा त्यामानाने कमी, असे त्यांनी दाखवले. म्हणून आत्मविश्वास येण्याची वाट पाहत काम लांबवू नये. लहान, पूर्ण होऊ शकेल असे काम आधी हाती घ्यावे.

विषयालाच प्रश्न समजणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातून निघतात. ‘समाजमाध्यमे आणि तरुण’ हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर वाचले तरी कुठे थांबायचे ते कळणार नाही. ‘परीक्षेआधीच्या दोन आठवड्यांत रात्री अकरानंतर मोबाईल वापरणारे प्रथम वर्षाचे विद्यार्थी, तो न वापरणाऱ्यांपेक्षा कमी झोपतात का?’ हा प्रश्न झाला. माहिती कोणाकडून घ्यायची, काय मोजायचे आणि कोणते उत्तर आल्यास आपला अंदाज चुकीचा ठरेल, या तिन्ही गोष्टी त्यातून लगेच सांगता येतात. ज्या प्रश्नाबाबत त्या सांगता येत नाहीत, तो अजून लहान करावा. प्रश्न लहान केला म्हणजे संशोधन हलके झाले, ही भीती निराधार आहे.

शोधनिबंध कादंबरीसारखा वाचणे

पहिल्या ओळीपासून वाचायला बसलेला विद्यार्थी तिसऱ्या पानावर अडकतो आणि दोष स्वतःकडे घेतो. अनुभवी संशोधक बहुधा आधी सारांश, मग तक्ते व आकृत्या, त्यानंतर निष्कर्षांची चर्चा पाहतात आणि निबंध उपयोगाचा वाटला तरच अभ्यासपद्धतीचा भाग बारकाईने वाचतात. मात्र जो निबंध आपल्या युक्तिवादाचा आधार होणार आहे, त्याची पद्धत न वाचता तो उद्धृत करू नये.

छापले गेले म्हणजे सिद्ध झाले, असेही मानू नये. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला निबंध ‘द लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात १९९८ मध्ये आला आणि २०१० मध्ये तो मागे घेतला गेला. मधल्या बारा वर्षांत त्याने केलेले नुकसान मोठे होते. मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहणाऱ्या प्रकल्पाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय, म्हणजे केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत असे, निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. तेव्हा वाचताना शंका आली, तर ती आपल्या अज्ञानाची खूण समजून दाबू नये, वहीत लिहून ठेवावी.

स्रोताविना टिपणे

मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवला, अवतरणचिन्ह दिले नाही, पान क्रमांकही टिपला नाही, की काही महिन्यांनी आपले वाक्य कोणते आणि दुसऱ्याचे कोणते हे आपल्यालाच ओळखता येत नाही. वाङ्मयचौर्याची कितीतरी प्रकरणे अशा निष्काळजीपणातून घडतात. संदर्भांची नोंद ठेवणारे झोटेरोसारखे मोफत साधन पहिल्या दिवसापासून वापरावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने सुचवलेला संदर्भ मूळ निबंध उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले निबंधही खऱ्यासारखे मांडतात.

न तपासलेली प्रश्नावली

‘ग्रंथालयातील पुस्तके आणि शांतता यांबाबत तुम्ही समाधानी आहात का?’ हा साधा वाटणारा प्रश्न निरुपयोगी आहे. पुस्तके पुरेशी, पण गोंगाट फार, असे ज्याला म्हणायचे आहे त्याने काय उत्तर द्यावे? प्रश्नावली सर्वांना पाठवण्याआधी पाच-सहा जणांकडून भरून घ्यावी आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ घेतला, हे त्यांना मोठ्याने सांगायला लावावे. एका दुपारचे हे काम पुढचे कित्येक आठवडे वाचवते.

अडल्यावर गप्प राहणे

आपण येथे चुकून आलो आहोत आणि कधीतरी उघडे पडू, ही भावना कर्तबगार माणसांतही असते. मानसशास्त्रज्ञ पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्येच तिचे वर्णन केले आहे. तिच्यापायी विद्यार्थी मार्गदर्शकांना टाळतात आणि अडचण वाढत जाते. ‘मला काही समजत नाही’ याऐवजी ‘मी हे करून पाहिले, येथे अडले, पुढे हे दोन पर्याय दिसतात, आपल्याला कोणता योग्य वाटतो?’ असे चार ओळींत लिहून भेटीची वेळ मागावी. मार्गदर्शकांनीही अशा अर्धवट कामाचे मनापासून स्वागत करायला हवे. पूर्ण झालेलेच दाखवा, असा आग्रह धरला तर विद्यार्थी शेवटपर्यंत फिरकत नाही.

अपेक्षित निकाल न येणे

येथे धीर सुटतो आणि निकाल पाहून गृहीतक मागाहून बदलण्याचा मोह होतो. तसे करू नये. मूळ गृहीतक, नमुन्याचा आकार आणि मोजमापाची रीत जशी होती तशी लिहावी, फरक आढळला नाही हे स्पष्ट सांगावे आणि नमुना लहान असल्यामुळे तो दिसला नसण्याची शक्यता असेल, तर तीही नोंदवावी. नंतर सुचलेले विश्लेषण देण्यास हरकत नाही. ते नंतर सुचले, एवढे मात्र त्याच परिच्छेदात लिहावे.