एल-२ व्हिसावर गेलात? आय-९४ वरचा ‘एस’ बघा

नवऱ्याच्या एल-१ (कंपनीतल्या बदलीचा व्हिसा) मागोमाग कोल्हापुरातून अमेरिकेला गेलेली माझी धाकटी जाऊ वर्क परमिटच्या अर्जात पैसे घालणार होती. गरजच नव्हती! नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ (एल-१ वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वरच्या जोडीदाराला वेगळ्या परमिटशिवाय नोकरी करता येते. पुरावा म्हणजे आय-९४, अमेरिकेत प्रवेश केल्याची सरकारी नोंद.

१. पोहोचल्या दिवशीच अमेरिकी कस्टम्सच्या वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकून आय-९४ डाउनलोड करा.
२. त्यावर ‘एल-२एस’ (एस म्हणजे स्पाउस, जोडीदार) असेल तर तोच कागद कंपनीला दाखवा.
३. नुसतं ‘एल-२’ किंवा मुलांचं ‘एल-२वाय’ दिसलं, तर कस्टम्सच्या कार्यालयातून दुरुस्त करून घ्या. आपल्या महापालिकेचा विवाह दाखला हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानात टाकू नका.

एच-४ ला (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) ही सवलत नाही. तिथे परमिट हातात येईपर्यंत एक दिवसही नोकरी नको.