घरात ऊन येत नाही? मग फिश टँकमध्ये आधी हॉर्नवर्ट टाका

आमच्या फ्लॅटमध्ये टँक आहे त्या कोपऱ्यात दुपारीसुद्धा लाईट लावावा लागतो, त्यामुळे खरी झाडं जगणारच नाहीत म्हणून बरेच दिवस प्लॅस्टिकचीच ठेवली होती. पण झाडांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणारा सीओटू सिलिंडर नको, महागडी माती नको, साधा पांढरा एलईडी पुरतो, फक्त झाड बरोबर निवडायचं.

पहिलं हॉर्नवर्ट, म्हणजे सुईसारख्या बारीक पानांचं पाण्यातलं झाड. याला मुळंच नसतात, जे खायचं ते सरळ पाण्यातूनच घेतं, म्हणून खडीत खोचायची गरज नाही, नुसतं तरंगत सोडलं तरी वाढतं. दुकानातून जुडी आणली की खालची पट्टी नाहीतर रबर आधी काढा कारण दाबलेल्या जागी दांडे सडतात. मग दोन-चार दिवस वेगळ्या बादलीत ठेवा आणि जेलीसारखी गोगलगायीची अंडी चिकटलीत का बघा, एकदा टँकमध्ये गेली की निघता निघत नाहीत. पहिल्या आठवड्यात सुया गळून पाण्यावर कचरा होतो, घाबरू नका, नवीन पाण्याला सरावतंय ते, जाळीने काढत राहा.

दोन फुटी टँकला सुरुवातीलाच तीन-चार जुड्या टाका, एक काडी टाकून बघू असं करू नका प्लीज. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो ही भराभर वाढणारी झाडं खातात, मग शेवाळाला कमी उरतं. झाडं कमी आणि लाईट जास्त असला की काच हिरवी झालीच समजा.

लाईट रोज 6-7 तास, बास. झाड वाढत नाही म्हणून लोक 12-12 तास चालू ठेवतात आणि मग शेवाळ घासत बसतात. टायमरचा प्लग घ्या, आपल्या लक्षात राहत नाही.

खडीत लावायला वॅलिसनेरिया घ्या, लांब पट्टीसारख्या पानांचं झाड. बोअरचं जड पाणी याला चालतं. जुनी पानं आधी विरघळतात म्हणून मेलं समजून उपटू नका, मूळ धरलं की बाजूला फुटवे काढत पसरतं. लावताना मुळं तेवढी खडीत, पानं जिथून फुटतात तो भाग वर.

जावा फर्न आणि अनुबियास पण कमी उजेडात मस्त राहतात पण वाढ अगदी सावकाश, त्यामुळे शेवाळ रोखायला उपयोग नाही, नंतर शोभेला आणा. त्यांचं आडवं जाड खोड खडीत पुरलं की कुजतं, दगडाला दोऱ्याने बांधा. गोल्डफिश असतील तर मात्र हीच दोन घ्या, बाकीचं ते कुरतडून टाकतात.

हॉर्नवर्ट जोरात वाढायला लागलं की दर आठवड्याला छाटा, नाहीतर वरचा थर खालच्या झाडांचा उजेड अडवतो. तोडलेला शेंडा परत पाण्यात टाकला की नवीन झाड तयार, मित्रांना वाटा, उरलेलं कुंडीत खत म्हणून घाला. फक्त तळ्यात, नदीत, नाल्यात फेकू नका, तिथे अशी झाडं माजली की काढणं कोणाच्या हातात राहत नाही, जलपर्णीचं बघतोच आहोत.