शंभर कोटी सात: घातांकाला कुठला मॉड लावायचा?

कोडशेफ, कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या साइट्सवर दोन-चार स्पर्धा दिल्या असतील तर 'उत्तर १,००,००,००,००७ ने भागून उरणारी बाकी छापा' ही ओळ ओळखीची असेल. मॉड (भागून बाकी काढणं) आणि जलद घात (मोठा घात थोड्या गुणाकारांत काढणं) येतात असं धरून पुढे लिहितोय.

हीच संख्या का? ती मूळ संख्या आहे, त्यामुळे शून्य सोडून प्रत्येक बाकीला व्यस्त, म्हणजे जिच्याशी गुणल्यावर बाकी १ येते अशी संख्या, मिळतो (२ चा व्यस्त ५०,००,००,००४, करून बघा). शिवाय दोन बाक्यांची बेरीज सी++ च्या इंट या पूर्णांक प्रकाराच्या २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेत बसते आणि दोघींचा गुणाकार लाँग लाँग या मोठ्या प्रकारात. तीन बाक्या एका दमात गुणल्यात तर मेलात. सी++ मध्ये वजाबाकीनंतर बाकी ऋण येऊ शकते, तेव्हा शंभर कोटी सात मिळवून घ्या. एवढं कुठलाही सीनियर सांगतो.

सांगत नाहीत ते घातांकाचं. दोनाचा घात करायचाय आणि घातांक स्वतःच अवाढव्य आहे. हात आपोआप घातांकालाही शंभर कोटी सातचा मॉड लावतो. चूक! फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की पायाला मूळ संख्येने भाग जात नसेल तर मूळ संख्येपेक्षा एकने कमी इतक्या घाताला बाकी १ येते. म्हणजे घातांकाचं चक्र शंभर कोटी सहाचं आहे, सातचं नाही. छोट्या आकड्यावर बघा. मॉड ७, घात २ चा दहावा. १०२४ ला ७ ने भागा, बाकी २. घातांकाला ७ चा मॉड लावला तर उरले ३, २ चा तिसरा घात ८, बाकी १. चुकलं. ६ चा मॉड लावा: उरले ४, घात १६, बाकी २. जमलं. मी यात अडकलो तेव्हा प्रश्नासोबत दिलेले सॅम्पल सगळे पास व्हायचे, कारण तिथले घातांक इतके लहान की कुठलाही मॉड लावा, फरकच पडत नाही. म्हणून टेस्ट करताना मॉड ७ ठेवा, चूक लगेच उघडी पडते.

सीएसईएस या सरावाच्या साइटवरचा 'एक्स्पोनेन्शिएशन टू' हा प्रश्न (घातांक स्वतःच एक घात असतो) एवढ्यावर सुटतो. घाबरू नका, चार ओळींचं काम आहे.

पण घातांकात एनसीआर (एन वस्तूंतून आर निवडण्याचे प्रकार) आला की पुन्हा फजिती, कारण तो काढताना भागाकार म्हणजेच व्यस्त लागतो. शंभर कोटी सहा मूळ नाही, सम आहे. सम संख्येला तिथे व्यस्तच नाही. कुणाचं तरी टेम्प्लेट (तयार कोड) डकवणारे इथे हमखास आपटतात, आणि माझ्या मते आपटावंच. सुदैवाने शंभर कोटी सहा म्हणजे २ × ५०,००,००,००३, आणि पन्नास कोटी तीन मूळ आहे. एन त्याहून लहान असेल तर एनसीआर त्याच्या मॉडने नेहमीसारखा काढा, व्यस्तासाठी घात ५०,००,००,००१. सम-विषम वेगळं बघा: दोन्ही संख्या द्विमान पद्धतीत लिहा; आरमधला प्रत्येक १ बिट एनमध्येही त्याच जागी असेल तरच एनसीआर विषम. आलेल्या बाकीची सम-विषमता एनसीआरच्या सम-विषमतेशी जुळली तर तीच ठेवा, नाही तर पन्नास कोटी तीन मिळवा.

अॅटकोडर या दुसऱ्या स्पर्धा-साइटवर बऱ्याचदा ९९,८२,४४,३५३ दिसेल. त्यातून एक वजा केला की ७ × १७ × २²³ उरतात. एफएफटीसारख्या (बहुपदींचा गुणाकार झटपट करण्याच्या) कामाला ते फार सोयीचं, पण घातांकातल्या एनसीआरला वरची युक्ती तिथे चालत नाही, २²³ चा हिशेब वेगळा करावा लागतो.