एक्सेल मॅक्रो मोकळ्या ओळीपाशी थांबतो: माझा अनुभव

लातूरच्या आडत दुकानातली सोयाबीन आवकेची शीट. मुनीमजी दर दिवसानंतर एक ओळ मोकळी सोडतात, आणि मॅक्रो (एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) पहिल्याच दिवसाच्या नोंदी निवडून थांबायचा. ऐन हंगामात, बाहेर ट्रॅक्टरची रांग असताना, डोकं पार उठलं.

नोंदींचा पट्टा शोधायच्या नेहमीच्या तीन आज्ञा इथे कामाच्या नाहीत. एंड(एक्सएलडाऊन) रिकाम्या सेलच्या आधीच थांबतं. करंटरीजन मोकळ्या ओळीला हद्द मानतं. यूज्डरेंज नुसत्या रंगवलेल्या ओळीही धरतं.

जमलं ते असं (मॅक्रो लिहायच्या एडिटरमध्ये आज्ञा अर्थातच इंग्रजीत टाइप करा). आधी फिल्टर काढा, नाहीतर लपलेल्या ओळी सुटतात. मग प्रत्येक नोंदीत भरलेलाच असतो असा कॉलम घ्या; आमच्याकडे शेतकऱ्याच्या नावाचा, बी. आता शेवटची ओळ तळातून वर शोधा:

शेवट = सेल्स(रोज.काउंट, "बी").एंड(एक्सएलअप).रो

रोज.काउंट म्हणजे १०,४८,५७६, शीटची तळओळ. त्यानंतर (आमच्या नोंदी ए५ पासून एफ कॉलमपर्यंत आहेत):

रेंज("ए५:एफ" & शेवट).सिलेक्ट

सगळा पट्टा फटींसकट येतो. फटी नको असतील तर .सिलेक्टच्या आधी .स्पेशलसेल्स(एक्सएलसेलटाइपकॉन्स्टंट्स) जोडा, फक्त टाइप केलेले सेल तुकड्यातुकड्यांत निवडले जातात, सूत्रांचे नाहीत. असा एकही सेल नसेल तर १००४ एरर येते, म्हणून त्या ओळीआधी ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट आणि लगेच नंतर ऑन एरर गोटू ० लिहा. दुसरं विसरू नका, नाहीतर पुढच्या खऱ्या चुकाही गिळल्या जातील.

बी कॉलममध्ये रिकामं उत्तर देणारं सूत्र खालपर्यंत ओढलेलं असेल, तर एक्सएलअप त्यालाच भरलेला सेल समजतं. तिथे दुसरा कॉलम घ्या.