हॉटेलचे शेअर फुकट नाहीत: माझा अनुभव

जळगावात 2021 साली 200 रुपयांनी घेतलेले आयटीसीचे 500 शेअर होते, डिव्हिडंडसाठीच (कंपनी नफ्यातून वाटते तो लाभांश) ठेवलेले. जानेवारी 2025 मध्ये कंपनीचा हॉटेलचा धंदा वेगळ्या कंपनीत गेला आणि दहाला एक या हिशेबाने आयटीसी हॉटेल्सचे 50 शेअर खात्यात आले. ते 200 ला विकले, तर ब्रोकरच्या ॲपवर खरेदी शून्य, नफा 10,000, तोही शॉर्ट टर्म, म्हणजे वर्षाच्या आत विकल्याचा!

सीएंकडे गेलो. ते म्हणाले, "भाऊ, वावराची वाटणी झाली की मोलही वाटलं जातं ना?" कंपनीने दिलेली विभागणी अशी: 86.49 टक्के आयटीसी, 13.51 टक्के हॉटेल्स. म्हणजे माझ्या 1 लाखातले 13,510 हॉटेल्सचे, शेअरमागे 270.20. नफा कसला, 3,510 चा तोटा! मुदतही 2021 पासूनच मोजायची, म्हणून तो लाँग टर्म. ॲपवर खरेदीभाव हाताने बदलला, आयकर रिटर्नमध्येही तसंच भरलं. असा तोटा पुढच्या लाँग टर्म नफ्यातून वजा करायला आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण रिटर्न मुदतीत हवं.

माझ्या आयटीसीचा खरेदीभावही आता शेअरमागे 172.98 धरायचा, हे बहुतेक जण विसरतात. डिव्हिडंडचं गणित वेगळं: एका कंपनीकडून वर्षाला 10,000 च्या आत असेल तर टीडीएस (कंपनीने आधीच कापायचा कर) नाही, कर मात्र स्लॅबप्रमाणे लागतोच.